मोठ्या विमानाच्या मागची हवा

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "मॅडम, जरा गमतीचे प्रसंग लिहा. ढगात सापडलात, पक्षी येऊन आदळला, असं काहीतरी. लोकांना आवडतं."

मी हो म्हटलं. गमतीचे प्रसंग माझ्याकडे पुष्कळ आहेत. बावीस वर्षं मी लोकांना विमान चालवायला शिकवलं. पुढे पाठीच्या मणक्यांनी राजीनामा दिला, तेव्हा उडणं थांबवलं आणि सदाशिव पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत वैमानिकांच्या लेखी परीक्षांचा क्लास सुरू केला. दोन्ही बाजूंना स्पर्धा परीक्षांचे क्लास, मध्ये माझा. जिन्यात भेटणाऱ्या मुलांपैकी कोण तहसीलदार होणार आणि कोण वैमानिक, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

पण गमतीचं लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. लिहायला घेतलं की एकच गोष्ट पुढे येऊन बसते. ती सांगितल्याशिवाय बाकीच्या गोष्टी हलायला तयार नाहीत. तेव्हा संपादकांची माफी मागून तीच सांगते.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत मला हमखास विचारतात, "वादळात भीती नाही हो वाटायची?" मी सांगते, वादळ दिसतं. काळं दिसतं, लांबून दिसतं, आणि ज्याला अक्कल आहे तो त्या दिवशी चहा पीत जमिनीवर बसतो. मला धास्ती वाटायची ती थंडीतल्या स्वच्छ सकाळची. झाडाचं पान हलत नाही, वीटभट्टीचा धूर सरळ वर चाललेला, आकाश धुतल्यासारखं. एकदा हे ऐकून शेजारच्या लेलेबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे चांगल्या हवेतही तुमचं रडगाणं आहेच का?"

आहे. कारण असं.

विमान उडतं ते पंखाने हवा खाली दाबून. पंखाखालची दाबलेली हवा टोकाशी आली की निसटून वरच्या बाजूला जाते आणि जाताना गरगर फिरते. उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर वावटळ उठते ना, तीच आडवी पाडा. प्रत्येक पंखाच्या टोकामागे अशी एक, मैलभर लांब. विमान जितकं जड आणि जितकं हळू, तितकी ती जोरकस. म्हणजे उतरताना आणि उडताना सगळ्यांत वाईट. लोकांना वाटतं हा इंजिनाचा झोत असतो. इंजिनाचा याच्याशी संबंध नाही. विमान निघून जातं, त्याचा आवाजही विरतो, आणि ही जोडी मागे हवेत तशीच फिरत राहते, हळूहळू खाली बसत. वारा असला तर मोडते. नसला तर दोन मिनिटं, तीन मिनिटं. आमच्या भाषेत वेक टर्ब्युलन्स. दिसत नाही, ऐकू येत नाही. दोनशे माणसांच्या विमानामागून दोन माणसांचं विमान त्यात शिरलं, तर ते एका कुशीवर फेकलं जातं, आणि सुकाणू उलट्या बाजूला पूर्ण दाबलं तरी विमान ऐकत नाही.

यातून वाचायचं कसं, तेही सोपं आहे. पिळलेली हवा खाली बसते, म्हणून आपण वर राहायचं. मोठं विमान ज्या वाटेने उतरलं त्या वाटेच्या वरून यायचं, ते धावपट्टीवर जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं. नाहीतर सरळ थांबायचं, आणखी एक फेरी मारायची. इतकंच. फळ्यावर शिकवायला वीस मिनिटं लागतात.

मी स्वतः त्यात एकदाच सापडले. सोबत शनिवार पेठेतले एक दातांचे डॉक्टर होते. पन्नाशी ओलांडल्यावर विमान शिकण्याची हौस. दर रविवारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात यायचे, आणि मी काही चूक दाखवली की "बरं" एवढंच म्हणायचे. त्या दिवशी आम्ही सरावासाठी एका मोठ्या विमानतळाकडे निघालो होतो. एक अवजड मालवाहू विमान आमच्या वरून, आडवं, उतरायला गेलं. डॉक्टर म्हणाले, "केवढं आहे हो!" मीही बघत राहिले. आणि दीड मिनिटाने खालचं शेत माझ्या उजव्या खिडकीत उभं राहिलं. धक्का नाही, काही नाही. कुणीतरी कूस बदलावी तसं विमान वळलं आणि वळतच गेलं. नकाशे, पाण्याची बाटली, डॉक्टरांचा चष्मा, सगळं छताला. मी दोन्ही हातांनी सुकाणू उलटं दाबलं. काही सेकंद काहीच झालं नाही. मग त्या हवेने आम्हाला बाहेर टाकलं, आणि मी विमान सरळ केलं.

मग डॉक्टर चष्मा शोधत म्हणाले, "बाई, आम्ही निदान पेशंटला आधी सांगतो हो, आता थोडं दुखेल म्हणून."

ते पुन्हा कधी आले नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा मात्र पाठवत.

हा प्रसंग मी पुढे वर्षानुवर्षं क्लासमध्ये सांगितला. डॉक्टरांच्या वाक्यावर वर्ग हसायचा. मीही हसायचे. माझ्या मनात असायचं की बाईने कसं सावरलं बघा. खरं म्हणजे त्या दिवशी आमच्या खाली हजाराहून जास्त फूट मोकळी हवा होती. त्या हवेने वाचवलं. माझ्या हातांचं त्यात फार काही नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याने गोष्ट फिकी पडली असती.

आता आमच्या धावपट्टीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू होतं. पुण्यापासून दोन तासांवर, माळरानावर, आमच्या फ्लाइंग क्लबची डांबराची एक आखूड पट्टी होती. एका टोकाला पत्र्याची शेड आणि कडुनिंब, दुसऱ्या टोकाला ओढा. पट्टीवर लांब उतरलात की ओढ्यात. मी शिकवायला लागले त्याच्या आधी एक विमान त्यात गेलंही होतं. त्याचा वाकडा पंखा ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला असे, वेगळी पाटी लावायची गरज नव्हती. धावपट्टीच्या तोंडाशी पांढऱ्या रंगात तिचा आकडा रंगवलेला असतो. माझा नियम एकच: चाकं आकड्यावर टेकली पाहिजेत. आकड्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. विद्यार्थी उतरायला लागला की मी शेजारून एकच शब्द म्हणायचे, "आकडा." पन्नास वेळा, शंभर वेळा. शेवटी तो शब्द त्यांच्या हातात उतरायचा. दुसऱ्या क्लबातले इन्स्ट्रक्टर म्हणायचे, पोराचं उतरणं बघितलं की कळतं, बाईंचं आहे. या वाक्याचा मला किती अभिमान होता, ते आज लिहायलाही नको वाटतं.

नितीन तिथे आला तेव्हा वीस वर्षांचा होता. हडपसरच्या पुढे एक गाव आहे, आता महापालिकेत आलेलं, तिथला. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. नितीन लहानपणी मळ्यात ऊस तोडताना लोहगावकडे जाणारी विमानं मोजायचा, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. बोलताना गावाकडचं 'हाय' निघून जायचं आणि मग तो 'आहे' म्हणून दुरुस्त करायचा. मी म्हटलं, "राहू दे, विमानाला दोन्ही कळतं." तेव्हा मनापासून हसला.

माझ्या हाताखालून गेलेल्यांत त्याच्याइतके मऊ हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. चौथ्या आठवड्यात तो आकड्यावर उतरायला लागला. सहाव्या आठवड्यात मी विमानातून उतरले, दार लावलं आणि त्याला एकट्याला पाठवलं. कडुनिंबाखाली उभी राहून बघत होते. तीन फेऱ्या, तीन वेळा आकड्यावर. परत आल्यावर इतर मुलांनी त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. तशी पद्धत आहे. अण्णा त्या दिवशी मुद्दाम आले होते. ओल्या मुलाला त्यांनी स्वतःच्या टॉवेलाने पुसलं आणि मला म्हणाले, "लई बारीक दिसत हुतं वर. म्हटलं ह्यात माझं पोरगं हाय व्हय!"

शेडमध्ये पावसाच्या दिवशी मी थिअरी घ्यायचे. वेक टर्ब्युलन्सही तसाच एका पावसाळी दुपारी घेतला. आकृती काढली, नियम सांगितले, डॉक्टरांची गोष्ट सांगितली. नितीनला ती इतकी आवडली की तो डॉक्टरांची नक्कल करायचा. नाकावरून चष्मा घसरल्याचा अभिनय करून म्हणायचा, "बाई, आता थोडं दुखेल." पण सराव? आमच्या माळावर मोठं विमान येणार कुठून? जे करून बघता येत नव्हतं ते सांगून सोडलं. सगळीकडे तसंच करतात.

नितीन वैमानिक झाला. हवेतून जमिनीचे फोटो काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. एका इंजिनाचं लहान विमान, कधी या राज्यात, कधी त्या. महिन्या दोन महिन्यांनी फोन करायचा. "मॅडम, आज एवढ्याशा पट्टीवर उतरलो. आकड्यावर." मी म्हणायचे, "मग काय मेडल देऊ?" त्याला ते ऐकायचं असायचं. अशी सहा वर्षं गेली.

फोन रोहनचा आला. तो नितीनच्याच बॅचचा, आता आमच्या जुन्या क्लबात मुख्य इन्स्ट्रक्टर. दुपारचे साडेतीन वाजले होते, मी क्लासला निघायला चप्पल घालत होते.

"मॅडम, बसलाय का?"

"उभी आहे. बोल."

"मॅडम, बसा ना."

मी बसले नाही. तो सांगत गेला. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या विमानतळावर, नितीन दुरुस्तीहून विमान परत आणत होता. एकटाच. पुढे एक मोठं प्रवासी विमान उतरलं. त्यामागून हा. धावपट्टी समोर असताना, खाली शंभरेक फूट उरलेले असताना, विमान पालथं झालं.

मी विचारलं, "वारा किती होता?"

माणूस गेल्याचं कळल्यावर मी पहिला प्रश्न हा विचारला. रोहन म्हणाला, "नव्हता, मॅडम. अजिबात नव्हता."

तेराव्याला मी त्यांच्या गावी गेले. जुन्या घराच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या आहेत, मधे मांडव. नितीनची आई आतून बाहेर आली नाही. अण्णा पंगतीत वाढत होते. मला बघून जवळ आले, म्हणाले, "मॅडम, जेवून जावा." बस, तेवढंच. मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

त्यानंतर दीडेक वर्षाने, एका सकाळी, अण्णा कर्वेनगरला माझ्या घरी आले. हातात कॅरीबॅग, तिच्यात चौकशीचा अहवाल. इंग्रजी, जाडजूड. सोफ्याच्या कडेवर टेकले. मी चहा ठेवला.

"पुतण्यानं वाचून दाखवलं," ते म्हणाले. "त्यात लिवलंय, चूक पोराची. टॉवरवाल्यांनी सांगितलं हुतं, म्होरं मोठं इमान हाय, सावध ऱ्हा, अंतर तुझं तू राख. त्यो म्हनला, समजलं." त्यांनी अहवाल टीपॉयवर ठेवला. "मॅडम, त्याला समजलं हुतं, तर त्यो पडला कसा? मला ह्ये कुनी नीट सांगत न्हाई. तुमी सांगा. तुमी शिकिवलंय त्याला."

मी कागद घेतला आणि त्यांना ती हवा समजावली. दोन गोल, बाण, खाली बसणारी रेघ. अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "कॅनॉलचं दार उघडलं की खाली आसंच हुतं. वरनं गुळगुळीत, आत पीळ. आमी पोरं तिथं पवत नव्हतो."

"अगदी तसंच, अण्णा."

"पर पान्याचा पीळ दिसतो तरी."

"हो. हा दिसत नाही."

"मग ह्यो कसा चुकवायचा?"

"वरून यायचं. मोठं विमान जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं."

"ह्ये त्याला ठावं हुतं?"

"होतं."

"तुमी सांगितलं हुतं?"

"सांगितलं होतं."

अण्णांनी हात पुढे करून अहवालातलं एक पान उघडलं. तिथे खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं होतं. पानावर एक आकृती. दोन रेघा. वरची रेघ मोठ्या विमानाची. ती धावपट्टीवर बरीच आत जाऊन टेकत होती. खालची नितीनची. त्यांनी बोट खालच्या रेघेवर ठेवलं. "मग त्यो खाली का ग्येला?"

अहवालात याचं उत्तर नव्हतं. तिथे फक्त लिहिलं होतं की वैमानिकाने उतरण्याची वाट पुरेशी उंच ठेवली नाही. का ठेवली नाही, ते कोणाला ठाऊक असणार? पण मी ती खालची रेघ बघितली आणि ती कुठे चालली होती ते मला कळलं. समोर तीन किलोमीटर लांब धावपट्टी होती. तो निम्मी सोडून पुढे उतरला असता तरी चाललं असतं. पण रेघ चालली होती ती धावपट्टीच्या अगदी तोंडाशी. आकड्याकडे.

एखाद्याचं अक्षर ओळखावं तशी मी ती रेघ ओळखली. नितीनच्या डोक्याला नियम ठाऊक होता. टॉवरला त्याने 'समजलं' म्हटलं ते खोटं नव्हतं. पण शेवटच्या मिनिटात माणसाला डोकं उतरवत नाही, हात उतरवतात. आणि ते हात मी घडवले होते. वीस मिनिटं मी त्याला वर राहायला सांगितलं होतं, आणि दीड वर्ष रोज खाली यायला.

मला गप्प बसता आलं असतं. "चुकतो माणूस कधी कधी," एवढं म्हणून चहा पुढे केला असता, तर अण्णा मान हलवून गेले असते. हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. पण त्यांचं बोट त्या रेघेवर होतं.

मी सांगितलं. ओढा, आकडा, शंभर वेळा म्हटलेला तो एक शब्द. डॉक्टरांची गोष्ट, आणि आम्ही सगळे त्यावर हसायचो तेही.

अण्णा ऐकत होते. चहावर साय धरली. मग ते म्हणाले, "सा वर्सं त्यो त्याच हातानं उतरला. कुठं वरखडा न्हाई आला त्याला."

"हो."

"मग ह्ये मला कशापायी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, अण्णा."

"मी त्याचं इचारलं," ते म्हणाले. "तुमचं न्हवतं इचारलं."

त्यांनी अहवाल पुन्हा कॅरीबॅगेत ठेवला, दाराशी जाऊन चपला घातल्या. जिन्यात कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वरून "अण्णा, रिक्षा बोलावते" म्हटलं. त्यांनी मागे बघितलं नाही.

ते बरोबर बोलले होते. त्यांना मुलाबद्दल विचारायचं होतं, आणि मी माझं ओझं त्यांच्या मांडीवर ठेवून मोकळी झाले. मोकळी झाले नाही, हा भाग वेगळा.

त्या आठवड्यात मी बसने माळावर गेले. शेड तीच, नवीन पत्रा. रोहनने मला खुर्ची दिली. मी त्याला म्हटलं, "आकड्यावर उतरवायचं थांबव. पट्टीवर दुसरी एक रेघ मार, पुढे. मुलांना दोन्ही ठिकाणी उतरायची सवय लाव. एकाच जागी उतरायची सवय नको."

रोहनने ऐकून घेतलं. तो माझ्याच हाताखाली शिकलेला, मला उलट बोलायची त्याला लाज वाटते. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, ओढा अजून तिथेच आहे."

"मला माहीत आहे."

"गेल्या पावसाळ्यात एक मुलगी लांब उतरली. चाक काठावर थांबलं. मी तिला काय सांगितलं असेल?"

तिला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक होतं. मी असते तर तेच सांगितलं असतं. त्या पट्टीवर ते खरंच आहे. एका जागी जो शब्द जीव वाचवतो तो दुसऱ्या जागी घेतो, आणि शिकवणारा माणूस दोन्ही जागी शेजारी बसलेला नसतो. परत येताना बसमध्ये मी कुठल्याच निर्णयावर आले नाही. रोहनने पुढे दुसरी रेघ मारली नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

मी एवढंच केलं की क्लासमध्ये तो धडा बदलला. वीस मिनिटांच्या जागी त्याला दोन तास दिले. डॉक्टरांची गोष्ट काढून टाकली. आता मी प्रत्येकाला उभं करते आणि विचारते, "तुझ्या पुढे मोठं विमान उतरलंय, वारा नाही, तू कुठे उतरणार?" मुलं उत्तर पाठ केल्यासारखं देतात, "पलीकडे." मी म्हणते, "पुन्हा." मग पुन्हा. काही जण कंटाळतात. माझ्या मागे काय म्हणत असतील, कल्पना आहे.

अण्णा माझ्या घरून गेले, त्यानंतर तीन महिने त्यांचं काही कळलं नाही. मी फोन करायचं धाडस केलं नाही. मग एके दिवशी सदाशिव पेठेतल्या खोलीच्या दारात उभे. पांढरी टोपी, धोतर, जिना चढून लागलेली धाप. वर्ग सुटला होता.

"त्यो धडा परत कदी हाय?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"हवेचा."

मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी. अण्णा, इंग्रजीतून असतो."

"असूं द्या."

गुरुवारी ते आले, शेवटच्या बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दोन तास फळ्याकडे बघत बसले. संपल्यावर उठून गेले. माझ्याशी बोलले नाहीत. मुलांना वाटलं कुणाचे तरी आजोबा सोडायला आले असतील.

तेव्हापासून प्रत्येक नव्या बॅचला मी त्यांना दिवस कळवते. फोन नितीनची वहिनी घेते, "सांगते" म्हणते. ते येतात. पाणी दिलं तर पितात, चहा घेत नाहीत. मला माफ केलं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. ते कशासाठी येतात तेही मला नक्की ठाऊक नाही. मी धडा नीट घेते की नाही हे बघायला येत असतील. किंवा मुलाने जे ऐकलं ते आपणही ऐकावं म्हणून.

या वर्षीच्या बॅचला हा धडा घेतला त्या दिवशी उकाडा होता. शेजारच्या क्लासमधून इतिहासाच्या सनावळ्या ऐकू येत होत्या. सगळ्यांना उभं करून झालं, सगळ्यांनी "पलीकडे" म्हटलं. पुढच्या बाकावर कोथरूडची एक हुशार मुलगी आहे. तिने पेनाचं टोपण लावता लावता विचारलं, "मॅडम, ह्यावर एक्झॅमला किती क्वेश्चन्स येतात?"

ती वाईट मुलगी नाही. सगळेच विचारतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, एवढ्यात मागून आवाज आला.

"येक येतो."

सगळा वर्ग मागे वळला. अण्णा उभे नव्हते राहिले. टोपी गुडघ्यावर तशीच होती. ते त्या मुलीकडे बघत होते, रागाने नाही.

"येक येतो, बाळ," ते म्हणाले. "माझ्या पोराचा बरोबर आलता."

त्या मुलीने टोपण पुन्हा काढलं. मी फळा पुसला, दोन गोल काढले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. या वेळी मराठीतून.